मधलीचं कच्चं पान

शाळेतून शिवणकामाचा तास काढून टाकला, पण शिवणाच्या बाईंना काढून टाकता येत नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं होती. त्याच सुमारास वरून एक नवा तास आला होता. नववी-दहावीच्या मुलांनी आपण काय शिकणार, कसं शिकणार आणि पुढे काय करणार याचा आराखडा आपला आपण करायचा. हा तास घ्यायला कुणी तयार नव्हतं. गणिताचे सर म्हणाले, "मुलांचं मुलांनीच ठरवायचं, तर आम्ही तिथे उभं राहून माश्या मारायच्या का?" शिवणाच्या बाईंकडे मारायला माश्याही नव्हत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो तास त्यांच्या गळ्यात घातला. बारा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन बाई परत आल्या, शिवणाच्या खोलीतली यंत्रं भिंतीला सरकवली आणि तिथे बाकं मांडली.

प्रशिक्षणात एकच गोष्ट बारा दिवस घोटून घेतली होती: प्रश्न विचारा, उत्तर लिहू नका. मुलं पेन्सिलीने लिहिणार, कारण आराखडा खोडावा लागतो. बाईंनी समासात फक्त प्रश्न लिहायचा. पालक भेटायला आले की बाईंच्या खुर्चीत मुलाने बसायचं, आपला आराखडा समजावून सांगायचा, आणि बाईंनी आईबापांशेजारी बाकावर बसून ऐकायचं.

पहिलं वर्ष बाईंनी हे सगळं पाळलं. एका मुलाने लिहिलं होतं, 'मला झोपायला आवडतं. त्यात काही काम मिळतं का?' बाईंनी समासात लिहिलं, 'कुणाला विचारून पाहशील?' तो एका रखवालदाराला विचारून आला आणि पुढच्या आठवड्यात त्याने लिहिलं, 'त्यांना झोप मिळतच नाही. दुसरं काहीतरी बघतो.' बाई त्या वहीकडे बघून घरी जाईपर्यंत हसत होत्या.

मग तपासणीला एक साहेब आले. त्यांनी चार वह्या चाळल्या आणि जाता जाता म्हणाले, "बाई, निदान वाक्यं तरी धड लिहायला शिकवा की. काय हे गबाळं."

बाईंना तो शब्द लागला. वेडीवाकडी टीप त्यांना आयुष्यात कधी बघवली नव्हती. शिवणाच्या तासाला एखादीने ॲप्रनची कड तिरकी घातली की बाई ती उसवायच्या, 'आण इकडे' म्हणायच्या आणि स्वतःच घालून द्यायच्या. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात चाळीस ॲप्रन एकाच हातचे असायचे. बघणारे म्हणायचे, मुलींनी काय सुबक शिवलंय. मुलींना पैकीच्या पैकी गुण मिळायचे आणि त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही.

वह्यांचंही तेच झालं. आधी एक शब्द, मग एक वाक्य, मग 'आण इकडे'. तीन वर्षांत वह्या अशा देखण्या झाल्या की दुसऱ्या शाळांच्या शिक्षिका बघायला येऊ लागल्या. चाळीस मुलं एकाच आवाजात बोलतायत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते फक्त बाईंच्या नवऱ्याच्या. घरी आणलेल्या दोन-तीन वह्या सहज उघडून त्यांनी चार पानं वाचली.

"ही पोरं अगदी तुझ्यासारखी बोलतात गं."

"म्हणजे चांगलं बोलतात असंच ना?"

"मी कुठे काय म्हटलं?" म्हणून त्यांनी वह्या मिटल्या. सव्वीस वर्षं त्यांनी चिरलेली भाजी बाई पुन्हा चिरत आल्या होत्या. कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

दहावीत एक मुलगी होती. तिची थोरली बहीण याच शाळेतून गेलेली, धाकटी सातवीत. त्यामुळे हिला सगळी शाळा मधलीच म्हणायची. मधली कमी बोलायची. आई इस्पितळातल्या धुलाईखान्यात कामाला. घर नवव्या मजल्यावर. मधलीला शहरातल्या तंत्रशाळेत लिफ्टदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. तिथे गुणांबरोबर एक निवेदन लागायचं, उमेदवाराच्या स्वतःच्या अक्षरात, आणि मग मुलाखत.

मधलीने पेन्सिलीने एक पान लिहून आणलं.

'आमची लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असते. आई कामावरून येऊन नऊ मजले चढते आणि सहाव्यावर बसते. मेकॅनिक येतो तेव्हा मी जिन्यात बसून बघते. त्याने दोनदा मला बॅटरी धरायला दिली. बहुतेक वेळा बिघाड दाराच्या कुलपात असतो, मोटरमध्ये नसतो. तो नीट साफ करत नाही, घाईत असतो. मी असते तर साफ केलं असतं. मला हे काम यायला हवं.'

बाईंनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, पोर हुशार आहे, पण हे असं कसं पाठवायचं? मेकॅनिकला नावं ठेवलेली, आई सहाव्या मजल्यावर बसलेली. "कच्चं म्हणून ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आण इकडे."

दोन दिवसांनी मधलीच्या हातात पक्की प्रत आली. 'बालपणापासूनच यंत्रांच्या विश्वाने माझ्या मनाला भुरळ घातली आहे. आधुनिक महानगरांच्या जडणघडणीत ऊर्ध्वगामी दळणवळणाचे स्थान अनन्यसाधारण आहे…' असं दीड पान.

मधलीने ते दोनदा वाचलं. "बाई, हे मी लिहिलंय असं म्हणायचं?"

"तुझंच तर आहे. मी फक्त नीट केलंय. तुझ्या अक्षरात उतरवून काढ आणि कुणी विचारलं तर सांग, माझंच आहे."

मधलीने उतरवून काढलं. पेन्सिलीचं पान बाईंच्या खणात राहिलं.

मुलाखतीनंतर आठवड्याने तंत्रशाळेचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते वाचून शिवणाच्या बाईंपुढे सरकवलं. निवेदनातल्या 'ऊर्ध्वगामी दळणवळण' या शब्दांचा अर्थ उमेदवारास सांगता आला नाही. निवेदन स्वतः लिहिल्याचं मात्र तिने तीनदा विचारल्यावरही सांगितलं. समितीस शंका असल्याने निवड थांबवली आहे. शाळेने आठ दिवसांत खुलासा करावा.

बाईंची नजर 'तीनदा' या शब्दावर अडकली. अनोळखी माणसांपुढे ती पोर तीनदा खोटं बोलली होती, आणि ते खोटं जसंच्या तसं बाईंनी तिच्या तोंडात घातलेलं होतं. वर्गात गेला आठवडाभर ती रोज समोर बसत होती. एका शब्दाने बोलली नव्हती.

"एवढं काय त्यात," मोठ्या बाई म्हणाल्या. "चार ओळी लिहा, निवेदन विद्यार्थिनीचंच आहे म्हणून. खाली सही. शुक्रवारी पाच शाळांच्या शिक्षिका तुमच्या वह्या बघायला येतायत, विसरू नका."

बाईंनी चार ओळी लिहिल्या. सहीसुद्धा केली. लिहिताना हात जरा थरथरला असता तर पुढे स्वतःला सांगायला तरी काही उरलं असतं, पण अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. कागद कार्यालयात देऊन त्या दहावीच्या तासाला गेल्या. मधलीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली. तिच्या नजरेत राग नव्हता. त्या मुलीला आपली, आपल्या बाईंची, काळजी वाटतेय हे बाईंना कळलं, आणि शरमेने त्यांचे कान तापले.

चार वाजता त्या कार्यालयात गेल्या आणि कागद परत मागितला.

कारकून म्हणाला, "का, सही चुकली?"

"सही बरोबर आहे. वरचं चुकलंय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, दोन बसेस बदलून बाई तंत्रशाळेत पोचल्या. मुलाखत घेणारे सर वर्कशॉपमध्ये होते. मनगटापर्यंत काळे हात, चष्मा कपाळावर. बाईंनी प्रस्तावना पाठ करून आणली होती. ती त्या पार विसरल्या.

"ते निवेदन मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तिचं हे आहे."

सरांनी हात पुसून पेन्सिलीचं पान घेतलं. दाराच्या कुलपाच्या ओळीपाशी येऊन ते हसले. अगदी मनापासून. "अहो, मग हेच का नाही पाठवलंत?"

"कच्चं होतं."

"आमच्याकडे येतात ती कच्चीच येतात. नाहीतर शिकवायचं काय?" त्यांनी पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग हसू ओसरलं. "मग ती खोटं का बोलली?"

"मी सांगितलं होतं तसं."

"तुमच्या शाळेची आणखी तीन निवेदनं आहेत. तीही तुमच्याच हातची?"

या प्रश्नाची तयारी बाईंनी केली नव्हती. कुठलंसं यंत्र एकसुरात घरघरत होतं. "हो," त्या म्हणाल्या.

सरांनी पान बाईंच्या हातात परत दिलं. त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "चौघांनाही गुरुवारी दहाला पाठवा. इथे बसून लिहू देत. शाळेतून बरोबर कुणी नको."

परतीच्या बसमध्ये बाईंना हलकं वाटत होतं. जे करायला हवं होतं ते आपण केलं, पोरीची वाट मोकळी झाली. रजा असूनही त्या तशाच शाळेत गेल्या, शेवटच्या तासानंतर त्यांनी मधलीला शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. मोठ्या उत्साहाने सांगितलं.

मधलीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलले ते त्यांना कळलं?"

"अगं, ते माझ्यामुळे, हे मी स्पष्ट सांगितलंय. तुझ्यावर काही नाही."

"आणि ते पान दाखवलंत?"

"दाखवलं. त्यांना इतकं आवडलं…"

"त्यात आई आहे, बाई." मधलीचा आवाज चढला नव्हता. "ते मी तुम्हाला दिलं होतं. त्यांना द्यायचं असतं तर मी त्यांना दिलं असतं. निदान मला विचारायचं तरी."

बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"मी त्यांना जाऊन सांगणारच होते," मधली म्हणाली. "कसं सांगायचं ते लिहूनसुद्धा ठेवलं होतं. फक्त तुमचं नाव मध्ये न आणता कसं सांगायचं, ते जमत नव्हतं." तिने दप्तर खांद्याला लावलं. "आता तेही तुम्हीच केलंत."

बाई भिंतीला लावलेल्या शिवणयंत्राला टेकून उभ्या होत्या. चूक केली तीही मुलीला न विचारता, निस्तरली तीही मुलीला न विचारता. 'आण इकडे' म्हणायलाही त्या या खेपेला थांबल्या नव्हत्या.

"मग गुरुवारी…" त्यांनी सुरुवात केली आणि जीभ चावली.

"गुरुवारी जायचं की नाही ते मी बघते," मधली म्हणाली. "तुम्ही फाटकापर्यंतसुद्धा येऊ नका."

"नाही येणार."

मोठ्या बाईंना खरं काय ते सांगायला आठ मिनिटं लागली. त्यानंतर त्या शिवणाच्या बाईंशी दोन महिने फक्त चिठ्ठ्यांनी बोलल्या. शुक्रवारचा कार्यक्रम रद्द झाला. गणिताचे सर शिक्षकखोलीत म्हणाले, "तरी मी सांगत होतो, माश्या मारणं बरं," आणि कुणी हसलं नाही, त्यामुळे बाईंना ते जास्तच झोंबलं. बाकीच्या तिघांपैकी एकाने बाईंना तोंडावर विचारलं, "आता मला परत लिहायचंय, पण मी काय म्हणत होतो तेच मला आठवत नाहीये. तुमच्याकडे माझं कच्चं आहे का?" बाईंनी खण उपसला. त्याचं कच्चं पान त्यांनी फेकून दिलं होतं.

गुरुवारी मधली शाळेत आली नाही. शुक्रवारी आली, जागेवर बसली. काय झालं ते बाईंनी विचारलं नाही. इतरांच्या वह्यांवरून हात फिरवताना त्यांना तो आवरावा लागत होता. समासात प्रश्न लिहून त्या वही लगेच पुढे ढकलायच्या. वह्या पुन्हा गबाळ्या होऊ लागल्या होत्या. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने एका ओळीत तीनदा 'म्हणजे' लिहिलं होतं आणि बाईंच्या बोटांना खाज सुटली होती.

निवड झाल्याचं त्यांना दीड महिन्याने कळलं, तेही मधलीच्या आईकडून. धाकटीच्या पालकभेटीला ती आली होती. कामावरून तशीच आलेली, हातांना साबणाचा वास. व्हरांड्यात बाईंना गाठून तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमच्यामुळे झालं हो. आमच्यात हे कुणाला सुचणार होतं?"

मधलीने घरी काही सांगितलेलं नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. इथेही तिने त्यांना झाकून घेतलं होतं. आता खरं सांगायचं तर ते पुन्हा त्या मुलीला न विचारता होईल, आणि नाही सांगायचं तर हे हात असेच धरून घ्यावे लागतील.

"माझ्यामुळे नाही," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे राहणार होतं."

आई हसली. "तुम्ही मोठी माणसं असंच बोलता," ती म्हणाली आणि हात आणखी घट्ट धरले.