क्रोमियमपाशी काका चुकले

१९८८ सालच्या मार्चमध्ये, मोरिवलीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आमचे शेजारचे काका चुकले. त्याआधी ते कधीच चुकले नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्याइतकं रसायनशास्त्र आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात कुणाला येत नव्हतं.

काका तिथे लॅब असिस्टंट होते, मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. कुठलाही ऑक्साइड तपासायला आला की लिटमसची पट्टी बुडवण्याआधी निकाल मोठ्यानं जाहीर करायचा, हा त्यांचा शिरस्ता. "गंधक? अधातू. आम्लधर्मी. कॅल्शियम? धातू. आम्लारिधर्मी." पट्टी मग निमूटपणे दुजोरा द्यायची. ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्हीकडून बोलतात, कधी आम्ल तर कधी आम्लारि, हे त्यांना मान्य होतं; त्या दोघांचा उल्लेख ते पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांसारखा करत. पट्ट्यांची डबी कायम शर्टाच्या खिशात. बारवी धरणाचं पाणी नळाला आलं की आधी पट्टी, मग हंडा. काकूंच्या सोलकढीचीही सुटका नव्हती. उल्हासनगरच्या बाजारात एकदा त्यांनी लोणच्याच्या नमुन्यात पट्टी बुडवली, तेव्हा सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, खाना है कि कंपनी में डालना है?" काकांनी त्याला लाल झालेली पट्टी दाखवली आणि अर्धा किलो लोणचं घेतलं.

माणसांनाही हाच नियम होता. "मूळ सांगा, गुण सांगतो." त्यामुळे त्यांच्या मुलीनं, सुमननं, लग्नासाठी एका मुलाचं नाव काढलं, तेव्हा काकांनी मुलाला न पाहताच निकाल दिला. मुलगा पोस्टात होता. पण त्याचे वडील आमच्याच कारखान्यात फोरमन, आणि त्यांनी एकदा कँटीनवाल्याच्या अंगावर मिसळीचा रस्सा फेकला होता.

"बाप जळजळीत ॲसिड. पोरगा काय साखर निघणार?"

"तुम्हाला जावई हवाय की ऑक्साइड?" काकूंनी विचारलं. सुमननं बापाशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात उल्हासनगरच्या एका क्रोम प्लेटिंगच्या गाळ्यातून गडद लाल खपल्यांचा नमुना आला. रिपोर्ट नेण्यासाठी मी उभा होतो. नव्या केमिस्ट बाईंनी नाव वाचलं, "क्रोमियम ट्रायऑक्साइड."

"क्रोमियम म्हणजे धातू. आम्लारिधर्मी. टाइप करून टाक रे."

बाईंनी चिमूटभर पाण्यात विरघळवून निळी पट्टी बुडवली. ती लाल झाली, म्हणजे आम्ल. काकांनी स्वतःच्या डबीतली काढली. तीही लाल झाली.

"काका, क्रोमियम तेच असतं," बाई म्हणाल्या. "त्याला ऑक्सिजन कमी जोडलेला असला तर एक स्वभाव, जास्त असला तर दुसरा."

"म्हणजे मूळ बघून सांगता येत नाही?"

"मूळ बघायचंच. पण पुढे त्याला काय काय जोडलं गेलंय, तेही बघायचं."

कंपनीच्या बसमध्ये काका बदलापूरपर्यंत ती लाल पट्टी बोटांत धरून बसले. घराच्या पायरीवर चपला काढता काढता म्हणाले, "सुमे, रविवारी त्या पोराला जेवायला बोलाव."

"आणि त्याच्या वडलांना?" सुमननं विचारलं.

"आधी पोराला बघू दे."

मे महिन्यात बदलापुरात लग्न झालं. फोरमन मांडववाल्याशी भांडले. नवऱ्या मुलानं बोहल्यावरून उतरून ते मिटवलं आणि मांडववाल्याला खुर्ची दिली. मग कैरीचं पन्हं आलं. डबी काकांच्या खिशात होती. त्यांनी एकदा खिशावर हात ठेवला, मग तो काढला आणि पेला उचलून संपवला.