कार्डाच्या कोपऱ्यातली खाच

माझा धाकटा भाऊ वसंता याच्या जुन्या क्रिकेट कार्डांच्या कोपऱ्यात जी खाच आहे, ती कंपनीने पाडलेली नाही. ती मी पाडली.

आमचे बाबा पूर्णा स्टेशनवर टीसी होते. दुपारी ते झोपले की त्यांचा तिकिटं टोचायचा चिमटा घेऊन मी अंगणात टीसी व्हायचो. प्रवासी म्हणजे शेजारची शेळी. तिकिटं म्हणजे वसंताने च्युइंगमच्या पुड्यांतून जमवलेली कार्डं. (ती शेळी विनातिकीट कधीच सापडली नाही.) वसंता झरीहून, आजोळाहून परतला आणि खाचा बघून रडकुंडीला आला. मी म्हणालो, “येड्या, असली कार्डाला खाच असतीच.” तो खूश झाला. विषय संपला, असं मी आयुष्यभर धरून चाललो.

यंदा वसंताला पुण्यातला एक तज्ज्ञ फोनवर सापडला. जुनी कार्डं तपासून खरेपणाचा दाखला देणारा.

“दादा, खाच असलीची खूण हाय, तूच म्हणला होतास ना?”

“म्हणलो असन.”

बायकोने मला बाजूला घेतलं. “आता तरी सांगा की भाऊजींना.”

“जेवण झालं की सांगतो.”

“दिवाळीपासून जेवायलात तुमी.”

ताडकळसच्या कदम गुरुजींकडेही तसलंच एक कार्ड होतं, चारही कोपरे शाबूत. त्यांनी ते दाखवल्यावर वसंताने नकारार्थी मान हलवली. “वाईट वाटून घेऊ नका गुरुजी. नकली हाय.”

पुढच्या आठवड्यात गुरुजी मोटारसायकलवरून आले. कार्डाच्या कोपऱ्यात ताजी खाच! (नेलकटरची. अनुभवी नजरेला कळतं.)

“अगोदर लक्षात आली न्हवती,” ते म्हणाले.

आता दोन शहाणी माणसं माझ्या शेळीपायी पुण्याला निघाली होती. मी पेटीतून बाबांचा चिमटा काढला आणि वसंताच्या कार्डाला लावला. बरोब्बर बसला. गुरुजींनी आपलं कार्ड हळूच खिशात घातलं.

वसंताने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. “मग दादा, हे कार्ड खरं का खोटं?”

“कार्ड खरं. खाचबी खरी. मी तेवढा खोटा.”

“मग चल पुण्याला. तपासणाऱ्याला तूच सांग.”

तिघेही गेलो, गुरुजी खिशातल्या कार्डासकट. तज्ज्ञाने भिंगातून पाहिलं. “कार्ड अस्सल आहे, पण फेरफार झालेलं. तसा दाखला देता येईल. फेरफार कुणी केला?”

वसंताने माझ्याकडे बोट दाखवलं. तज्ज्ञाने माझं नाव लिहून घेतलं, शेळीचीही चौकशी केली. मग गुरुजींचं कार्ड हातात घेऊन त्याने तोच प्रश्न विचारला. गुरुजींनीही माझ्याकडेच बोट दाखवलं.

मला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दोन्ही दाखल्यांवर आता माझंच नाव आहे. म्हणून एवढं नोंदवून ठेवतो: नेलकटर माझं नव्हतं.