लाल रंगाखालची गाडी

मंडळी, उद्यापासून मस्कतच्या एका मॉलमध्ये लाल ग्रां प्री रेसिंग कार ठेवणार आहेत. फोटो काढायला धावण्याआधी हे वाचा.

ती लाल नाहीच. आज आमच्या गॅरेजमध्ये मीच रंगवली. जुना रंग घासताना हिरव्याखाली पिवळा लागला, पिवळ्याखाली निळा. तिची रेसिंग टीम छोटी, दर सीझनला नवा स्पॉन्सर, नवा रंग.

"साहेब, हीच तिची हिस्टरी आहे. राहू द्या ना," मी आमच्या पुणेकर मॅनेजरला म्हणालो.

"कसली हिस्टरी? एक रेस जिंकली नाही. जिंकणाऱ्या टीमचा लाल मार. यल्ला, चल, आटप."

मारला. हात माझेच, त्यामुळे शिव्या मलाही.

पोरांना खरं सांगाल का, की ही गाडी तीन रंगांत हरली आणि तरी दर सीझनला रेसला उभी राहिली? की तुम्हालाही लालच हवी?