गच्चीवरचे सोडे

साठच्या दशकात आखातातल्या फहाहीलच्या आमच्या नगरपालिकेला स्वच्छतेचा झटका आला. दारात बाजलं टाकायचं नाही, सज्जात धुणं वाळवायचं नाही, लुंगी नेसून बाजारात यायचं नाही. शहर आधुनिक व्हायला निघालं होतं आणि आड येत होती ती आमची धुणी. मग बाजारातली सुकी मासळी बंद झाली, गच्चीवर वाळवायचीही बंदी आली. पलीकडच्या कारखान्यांची धुराडी अहोरात्र धूर ओकत, पण तो वास प्रगतीचा होता.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक तरुण मुसलमान जोडपं राहायचं. तिला चौथा महिना होता आणि पोटात काही ठरत नव्हतं. ताज्या मासळीच्या वासानेही उलटी व्हायची. "ताई, सोड्यांचं तेवढं ठरतंय," ती म्हणायची. म्हणून नवरा कामावरून आला की कोळंबी सोलून गच्चीवर वाळत घालायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन असंच घटलं तर हिला गावी पाठवा. गावी म्हणजे बोटीने, एकटीने. त्याला रजा नव्हती.

पालिकेचा मुकादम तपासणीला आला तो नेमका जेवायच्या वेळी. आता आमच्या कोकणात जेवणवेळी दारात आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो गळा कापायला का आलेला असेना. तिने त्याला बसवलं आणि सोड्यांचा पुलाव वाढला. मीही तिथेच होते, डोळ्यांनी दटावत होते, पण ऐकते कुठली. साहेबांनी दोनदा मागून घेतला, बोटं चाटली, ढेकर दिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, यात घातलंय काय? नवऱ्याने मोठ्या कौतुकाने त्यांना गच्चीवर नेऊन दाखवलं.

साहेब कर्तव्याला जागले. हात पुसून त्यांनी सगळे सोडे कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावले आणि पुन्हा दिसले तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल असं हसतमुखाने सांगितलं. माझ्या अंगाची नुसती आग झाली. खाल्लेलं आधी ओक, हे अरबीत कसं म्हणतात ते मला येत नव्हतं.

परवान्याच्या धाकाने नवऱ्याने पुन्हा कोळंबी आणली नाही. तिने कसेबसे काही आठवडे काढले आणि शेवटी ती बोटीत बसली.

पुढे काही महिन्यांनी आम्ही तिच्या नवऱ्याबरोबर बाजारात असताना मुकादम भेटला. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तुझ्या घरचा पुलाव अजून जिभेवर आहे, परत कधी बोलावतोस?

"करणारी गावी आहे, साहेब," तो म्हणाला. "पोरही तिकडेच झालं. मी अजून बघितलेलं नाही."