जाड, बारीक आणि मधला

सगळे तिला सूनबाई म्हणत. मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, दुकानात पहिल्याच दिवशी "ही आमची सूनबाई" अशी ओळख करून दिली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिच्याहून वयाने लहान असलेली गिऱ्हाइकंही बिनदिक्कत "सूनबाई, नेहमीचा द्या" म्हणायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तंबाखूचा वास आला की त्याच्या शिंका थांबायच्या नाहीत, त्यामुळे बापाच्या सिगारच्या दुकानात त्याचा पाय टिकणं शक्यच नव्हतं. मामंजींच्या गुडघ्यांनी दगा दिला, खालच्या खणाशी वाकणं जमेना, तेव्हा सूनच पुढे झाली.

त्याआधी ती बुटांच्या दुकानात होती. लोकांच्या पायाशी बसून पाय मोजायची. तिथे तिला एक गोष्ट पक्की समजली होती, की माणसं आपल्या मापाबद्दल सर्रास थापा मारतात. पण पायाशी फार वेळ खोटं बोलता येत नाही. चार पावलं चाललं की अंगठा खरं सांगतो. सिगारच्या दुकानात आल्यावर मात्र ती बुचकळ्यात पडली. इथे कुणाला काही घट्ट होत नव्हतं की सैल होत नव्हतं. तरीही प्रत्येकाचं माप ठरलेलं, आणि ते चुकलं तर माणूस नवा बूट चावल्यासारखं तोंड करायचा.

दुकान चिंचोळं, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. एक अख्खी भिंत लाकडी खणांची. तंबाखूची पानं वाळून त्यांचा चुरा होऊ नये म्हणून कपाटात पाण्याचं भांडं ठेवलेलं असायचं. वरच्या खणांत पेन्सिलीएवढे बारीक सिगार. खाली यावं तसतशी जाडी वाढत जायची, आणि अगदी तळाशी अंगठ्यालाही मागे टाकतील असे दांडगे. काउंटरवर एक भोकांची पट्टी टांगलेली होती. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने गोल भोकं, ज्यातून सिगार अलगद जाईल ते त्याचं माप. मामंजींना ती पट्टी लागायची नाही. त्यांचा हात गिऱ्हाइकाने दार ढकलतानाच योग्य खणाकडे वळलेला असायचा.

"मामंजी, पण हा माणूस बारीकच का ओढतो?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आवडतो म्हणून."

"पण का आवडतो?"

"हे बघ, गिऱ्हाइकाला 'काय हवं' एवढं विचारायचं. 'का हवं' हे विचारायला आपण काय पोलीस आहोत?"

तिने मान हलवली. पण जिभेला हाड नसतं, आणि तिच्या जिभेला तर लगामही नव्हता.

सगळ्यात आधी तिने विचारलं ते घरसामान हलवणाऱ्या एका दांडग्या गड्याला. दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. त्याच्या पंजात फ्रिज शोभला असता, आणि तो न्यायचा सगळ्यात वरच्या खणातला, काडीसारखा सिगार.

"राग येणार नसेल तर विचारू का? एवढा बारीक का हो?"

गडी लाजला. मग म्हणाला, "दिवसभर हातात वजनच असतं, सूनबाई. कपाटं, पलंग, लोकांच्या आजीच्या पेट्या. संध्याकाळी हातात असं काहीतरी पाहिजे की आहे का नाही तेच कळू नये."

मामंजी स्टुलावर चष्मा पुसत बसले होते. त्यांचं पुसणं थांबलं होतं.

मग पियानो जुळवणारी बाई आली. चणीने एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. तिला तळाच्या खणातला सगळ्यात जाड लागायचा. तिने कारण असं सांगितलं जसं काही रोज कुणीतरी विचारतच असतं: "बारीक पटकन तापतो हो. धूर जिभेला चावतो. जाड कसा सावकाश जळतो, गार राहतो. आणि दिवसभर मी तारा ताणत असते. घरी गेल्यावर कशाचीच घाई नको वाटते." बसचा ड्रायव्हर आखूड आणि जाड न्यायचा, कारण शेवटच्या थांब्यावर बस वळवून उभी केली की परत निघेपर्यंत तेवढाच जळतो. "लांब घेतला तर अर्धा टाकावा लागतो," तो म्हणाला, "आणि अर्धा टाकलेला सिगार मला दिवसभर आठवत राहतो."

सूनबाई घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगायची. तो जेवता जेवता ऐकायचा आणि मध्येच एक शिंक द्यायचा, कारण तिच्या साडीलाही वास लागलेला असायचा.

गंमत अशी झाली की मामंजींनाच हळूहळू चटक लागली. इतकी वर्षं खण उघडून देत आले, आणि खणाच्या पलीकडे काय आहे ते त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आता एखादा जुना माणूस आत आला की ते सुनेला कोपराने ढोसायचे. "विचार ना. हा आधी जाड न्यायचा, मग मधल्यावर आला. का, ते विचार."

"तुम्हीच विचारा की."

"मी कसं विचारू? माझी त्याच्याशी ओळख आहे!"

अशीच त्यांनी एकदा थोरल्या शिंप्याकडे मान वळवून खूण केली.

दोन भाऊ होते शिंपी, पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान. थोरला दर आठवड्याला यायचा. बाहीला खडूचे डाग, बोलणं मोजकं. तो दोन सिगार न्यायचा, एक बारीक आणि एक चांगला जाड, आणि दोन्ही वेगवेगळ्या कागदांत बांधून मागायचा.

"हा जाड कुणासाठी नेता हो?" सूनबाईने कागदाला घडी घालता घालता विचारलं. तिच्या मनात काहीच नव्हतं.

थोरला बाहीवरचा खडू झटकायला लागला. शेजारी उभ्या बसच्या ड्रायव्हरला वाटलं, आपण मदत करावी. "भावासाठी असणार, दुसरं कुणासाठी? धाकट्याचा पाय अधू, त्याला इथवर येववत नाही. आणि गंमत बघा, दोघांचं बोलणं बंद आहे किती वर्षं झाली! कुणी म्हणतं कोटावरून झालं, कुणी म्हणतं मुलीवरून..."

थोरल्याची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. त्याने दोन्ही पुड्या काउंटरवर तशाच ठेवल्या आणि दोन पायऱ्या उतरून चालता झाला. ड्रायव्हर ओशाळला. "मी काय वावगं बोललो?" असं पुटपुटत तोही निघाला.

सूनबाईला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"तुझी चूक नाही," मामंजी म्हणाले. "मीच तुला चिथावलं."

पुढच्या आठवड्यात थोरला आला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. दाराची घंटा वाजली की दोघांची मान एकदम वर व्हायची आणि एकदम खाली जायची. शेवटी एका दुपारी सूनबाईने त्या दोन पुड्या पिशवीत टाकल्या आणि पलीकडची गल्ली गाठली.

शिंप्यांचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबलचक खोली. मधोमध जाड निळा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत. अलीकडे थोरला मशीनवर बसलेला. पलीकडून कात्रीचा आवाज येत होता, करकरीत आणि एकसारखा. ती उभी असतानाच पडद्याखालून एक कापलेलं कापड सरकत अलीकडे आलं. वर खडूच्या खुणा होत्या. थोरल्याने खाली न बघता ते पायाने ओढून घेतलं.

"माफी मागायला आलेय," ती हळू आवाजात म्हणाली.

थोरल्याने मशीन थांबवलं आणि तिला मागच्या अंगणात नेलं. अंगणात एक लांब लाकडी बाक होता, बाकी काही नाही. तो बसला नाही, तीही उभीच राहिली.

"तो कापतो, मी शिवतो," थोरला म्हणाला. "खडूने जे सांगायचं ते सांगून होतं. आणतो त्या दिवशी संध्याकाळी मी तो सिगार त्याच्या टेबलाच्या कडेला ठेवतो. तो उचलतो. झालं."

"त्यांना माहीत आहे ना, तुम्हीच ठेवता ते?"

"मग काय, सिगार उडत येतो?"

"मग मी विचारलं त्यात..."

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "काही गोष्टी चालू राहतात त्या कुणी बोलत नाही म्हणूनच. आता मी ठेवला तर त्याला वाटेल, हा बाहेर मिरवून आला. बघा, मी माझ्या भावासाठी किती करतो! आणि नाही ठेवला, तर..." तो आत जायला वळला. पुड्याही घेतल्या नाहीत.

ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मामंजींनी काय ते ओळखलं आणि स्वतः उठून, गुडघे चोळत, तिच्यासाठी चहा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. सूनबाई धावत दाराशी गेली तर बाहेरच्या माणसाने हात वर करून तिला थांबवलं. त्याला आपलं आपण यायचं होतं. गोल चेहरा, घामाने डबडबलेला, आणि उजव्या अंगठ्यावर कात्रीने पाडलेला जाडजूड घट्टा. कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटा शिंपी काउंटरला टेकून दम खात म्हणाला, "एक जाड. आणि एक तो बारीक, आमच्याकडे येतो तो."

सूनबाईने दोन्ही खण उघडले. जीभ दाताखाली इतकी घट्ट धरली की दुखायला लागली. मामंजी पायाखालची जमीन न्याहाळत होते.

"विचारा की," धाकटा म्हणाला. "तुम्ही विचारता असं ऐकलंय."

"नाही हो. माझी हौस फिटली."

"अंगणात तुम्ही दोघं बोलत होतात ना, त्याला लागून माझी खिडकी आहे. सगळं ऐकू आलं." तो हसला. हसल्यावर तो थोरल्यासारखा दिसला, फक्त थोरल्याला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. "विचारा, जाड का म्हणून."

"का?" सूनबाईच्या तोंडून निसटलंच.

"त्या बाकामुळे. सिगार येतात त्या संध्याकाळी काम आटोपलं की दोघं बाहेर बसतो. तो त्या टोकाला, मी या टोकाला. त्याचा बारीक, लवकर संपतो. संपला की तो उठून आत जातो. सुरुवातीला मी मुद्दाम जाड धरला. म्हटलं, हा गेला की निवांत बसता येईल, याचं तोंड बघायला नको. एवढ्यासाठीच हो. चवीबिवीचं मला काही कळत नाही."

"आणि आता?"

धाकट्याने काठीची मूठ दोनदा फिरवली. "आता तो उठून गेला की सिगार संपता संपत नाही. हातात अर्धा उरलेला असतो आणि बाक नुसता लांबच्या लांब."

मामंजींनी खाकरल्यासारखं केलं. सूनबाईने दोन पुड्या बांधून त्याच्या खिशात नीट ठेवल्या, कारण त्याचा एक हात काठीवर होता. उतरताना मात्र त्याने तिला कोपर धरू दिलं.

थोरला परत यायला लागला तो काही झालंच नाही अशा थाटात. "नेहमीचे," एवढंच म्हणाला. सूनबाईने जाड बांधला. बारीक कागदात गुंडाळायला घेतला तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा."

ती थांबली.

"हा नको. जरा जाड द्या. फार नाही." त्याने बोटांनी काहीतरी दाखवलं, मग ते त्यालाच पटलं नाही. शिंपीच तो, अंदाजाने माप सांगणं त्याच्या रक्तातच नव्हतं. काउंटरवरची पट्टी त्याने स्वतः उचलली आणि मधल्या एका भोकावर नख ठेवलं. "हे."

तिने मधला खण उघडला. सिगार भोकातून घालून दाखवला, तो अलगद गेला. थोरल्याने तो नाकाशी धरला, बोटांत फिरवून पाहिला. त्याच्या हाताला तो परका वाटत होता हे दिसत होतं, नव्या चष्म्याने माणूस जसा जिना उतरतो तसा तो त्याला चाचपत होता.

"बारीक फार लवकर संपतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला आणि गेला.

"सवय होईल त्याला," मामंजी म्हणाले. "जाडीत एकदम उडी मारली की पहिल्यांदा कडू लागतं. लागू दे."

दोघा भावांचं भांडण कशावरून झालं होतं ते सूनबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. मामंजींनी आपल्या परीने ड्रायव्हरकडे, मग पियानोवाल्या बाईकडे चौकशी करून पाहिली. प्रत्येकाकडून वेगळीच कहाणी आली आणि एकही पटण्यासारखी नव्हती.

नवऱ्याच्या कोटाचं अस्तर सुटलं तेव्हा ती दिवेलागणीला शिंप्यांकडे गेली. निळा पडदा होता तिथेच होता. मशीन बंद, कात्री टेबलावर आडवी. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून धूर आत येत होता. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

बाकावर दोघे बसले होते. अगदी जवळ नाही, पण टोकांनाही नाही.

"त्या वकिलाचा डावा खांदा उतरलाय," थोरला समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "बाही ओढली जाते."

धाकट्याने राख झटकली.

"कापतानाच सोडलंय तेवढं," तो म्हणाला. "खुणेच्या बाहेर बघ."

"बघितलं नाही मी."

"मग बघ उद्या."

सूनबाईने हाक मारली नाही. कोट मशीनच्या शेजारी ठेवून ती आतल्या खुर्चीवर बसली आणि त्यांचं संपायची वाट बघत राहिली.