दशरथचं सहा आठवड्यांचं पथ्य

आमच्या आळीतला दशरथ भातशेतीवाला, पण खालापूर तालुक्यात तो शेतीपेक्षा पोटासाठी जास्त माहीत. कधी मुरडा, कधी फुगारा, कधी दिवसातून सहा वेळा परसाकडे. रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, आतडं हळवं आहे, याला आयबीएस म्हणतात, जिवाला धोका नाही. हे ऐकून दशरथ जरा नाराजच झाला.

मग गावाने इलाज हाती घेतला. शिळफाट्याच्या पोपटशेठने ओवा दिला, एकाने ताक सुरू केलं, दुसऱ्याने बंद केलं. शेवटी कर्जतच्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला: कांदा, लसूण, गहू, दूध, तूर, वाल बंद. बाईंनी बजावलंही होतं, की सगळ्यांनाच याने आराम पडतो असं नाही आणि पुढचं कागदाच्या मागे लिहिलंय. दशरथच्या कानात ‘बंद’ तेवढं शिरलं. घरी येऊन त्याने भाताची खळ लावून तो कागद चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. मागची बाजू भिंतीला.

मुरडा खरंच कमी झाला आणि दशरथ विद्वान झाला. लग्नात नवरानवरीच्या आधी तो वरणाची चौकशी करी. थंडीत शेतावर पोपटी लागली, म्हणजे वालाच्या शेंगा भरलेलं मडकं जाळात घातलं, की हा लांब बसून पोटातल्या ग्यासवर भाषण देई. एकेकाळी मडकं याच्याच हातचं असायचं. मडकं फोडून शेंगा काढल्या की त्याचा चेहरा बघवत नसे, हे मी कबूल करतो.

त्याची बायको शकू. नवऱ्याच्या पानात नाही ते आपल्या पानात घ्यायचं नाही, हा तिचा नेम. तिचं माहेर सुकट-कांद्यावर वाढलेलं, पण दीड वर्ष तिनेही कांद्याला हात लावला नाही. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

दिवाळीआधी घराला रंग काढताना सून तेजश्रीने ओल्या फडक्याने कागद सोडवला आणि मागची बाजू वाचली. पथ्य सहा आठवड्यांपुरतंच. नंतर एकेक पदार्थ तीन दिवस, थोडाथोडा वाढवत घेऊन बघायचा, सोसेल तो खायचा. दशरथ म्हणाला, अक्षर फार बारीक आहे.

तेजश्रीने वही घातली आणि सासऱ्याची परीक्षा सुरू केली. दूध सोसलं. तूर सोसली. अर्धी वाटी वाल खाऊन दशरथ तीन दिवस मुरड्याची वाट बघत बसला, तो काही आला नाही. गव्हाने थोडी कुरकुर केली. कांदा-लसणाने मात्र पहिल्याच दिवशी लोळवलं.

दशरथला बरंच वाटलं. बंद ठेवायला काहीतरी उरलं होतं. जेवायच्या वेळी त्याने जाहीर केलं, आपल्या घरात कांदा कायमचा बंद.

शकूने एक कांदा फोडला, सुकटीबरोबर आपल्या पानात घेतला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या आधी जेवायला बसली.

“पोट तुमचं बिघडलंय,” ती म्हणाली. “मला कदी कायपण झालं नव्हतं.”