काकड आणि काकडी

मी मूळचा घाटावरचा. शहापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला आलो आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. लाल शाईच्या पेनाचा मला फार अभिमान होता. त्याच पेनाने केलेली एक चूक आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

शेवटच्या काही वर्षांत आमच्या शाळेत शनिवारचे दोन तास मुलांच्या हवाली असत. विषय त्यांनी निवडायचा, माहिती त्यांनी जमवायची, शिक्षकाने विचारलं तरच मदत करायची. हा नियम मीच सभेत आग्रहाने मांडला होता.

नववीतल्या एका मुलीने रानभाज्यांचा विषय घेतला. वस्तीवरच्या बायकांना, मुख्य म्हणजे आपल्या आईला विचारून तिने वही भरली. प्रत्येक भाजीचं चित्र, ती कुठे उगवते, कशी शिजवतात. शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या प्रदर्शनाआधी ती वही मी घरी नेली. कुणी सांगितलं नव्हतं. 'शेवळं खाजरी असतात, म्हणून भाजीत काकड घालतात' असं एका पानावर होतं. मी 'काकड'वर लाल रेघ मारून 'काकडी' लिहिलं.

सोमवारी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"सर, ते काकडच हाय. काकडी नाय."

"आधी शुद्ध लिहायला शिक. जा, स्वच्छ प्रत कर."

ती गेली आणि तिने प्रत केली.

प्रदर्शन मुरबाडकडच्या एका शाळेत होतं. परीक्षक त्याच भागातले, शेतकरी घरातले. पान वाचून ते मोठ्याने हसले.

"अगो, शेवळांत काकडी? कोशिंबीर करतेस काय? खाणाऱ्याचा गळा सुजंल! आयनं शिकवलं का हे?"

आजूबाजूची मुलं, शिक्षक, सगळे हसले. काकड हे रानातल्या झाडाचं आंबट हिरवं फळ, त्याच्या रसाने शेवळांची खाज मरते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला त्या क्षणी कळलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टेबलावरचा पवनचक्कीचा नमुना बघू लागलो.

"आयनं बरोबर सांगितलं," ती म्हणाली. "लिवताना माझं चुकलं."

तिचा नंबर आला नाही. वर्गात तिला सगळे 'काकडी' म्हणू लागले. स्टाफरूममध्येही तो विनोद चालला आणि मी चहा पीत राहिलो. पुढचे शनिवार ती शेवटच्या बाकावर बसून गणितं सोडवायची. दहावीला नवा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिने "तुमीच द्या, सर" म्हटलं.

गेल्या महिन्यात आटगावजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासायला गेलो, तर समोर तीच. आता परिचारिका आहे.

"हात सैल सोडा, सर. बोलू नका, आकडा चुकतो."

पट्टा सोडल्यावर मी म्हणालो, "बाई, ती काकडी माझी होती."

"मला ठाऊक हाय की. मला कशाला सांगता? हसले त्यांना सांगा." मग गोळ्यांची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाली, "आय दोन वर्षं कुणाला भाजी सांगत नव्हती. लोक चिडवायचे."

हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी काही आता हयात नाहीत. बाकीचे शहापूर-मुरबाडात आहेत आणि त्यांच्यातले बरेच वाचणारे आहेत. त्यांच्यासाठी लिहितो. त्या मुलीच्या वहीत 'काकड'च होतं. तिच्या आईने सांगितलेलं आणि तिने लिहिलेलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. चूक मराठीच्या शिक्षकाने केली, ती तिने दाखवून दिल्यावरही केली, आणि तिच्या नावावर राहू दिली.